स्वमत पाठ करायचं नसतं

गाईड आणू नकोस, आधी माझं ऐक. काल फोनवर तू म्हणालीस, थोरल्याला गणितात पैकीच्या पैकी, पण मराठीच्या पेपरात ‘स्वमत’ आलं की दोन ओळींत गाडी थांबते. वर म्हणालीस, क्लासमध्ये स्वमताच्या तयार उत्तरांच्या नोट्स मिळतात, त्याच पाठ करून घेते. अगं, दुसऱ्याचं मत घोकायचं आणि परीक्षेत ‘मला असे वाटते की’ म्हणून लिहायचं? मी इथं नांदेडला पेपर तपासते ना, अशी उत्तरं गठ्ठ्यानं येतात. सगळ्या लेकरांना एकच वाटतं, तेही त्याच शब्दांत.

तुमच्या लातूरला मी नावं ठेवत नाही, माय. ‘लातूर पॅटर्न’नं सरावाची शिस्त लावली, त्यातून खेड्यापाड्यातली किती लेकरं डॉक्टर झाली. पण सातवीपासून फाउंडेशन बॅच, रोज चार पर्याय, एक बरोबर नि तीन चूक. हीच सवय घेऊन लेकरू गोष्टीपाशी येतं. इथंही एकच बरोबर उत्तर असणार आणि ते बाईंना ठाऊक असणार, असं त्याला वाटतं. मग ते विचार करत नाही, बाईंच्या मनातलं ओळखायला बघतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लेकराला मत असतं, अगदी पहिलीतल्यालाही असतं. गोष्टीतलं काय बघून ते मत झालं, हेही नीट विचारलं तर सांगता येतं. अडतं ते तिसऱ्या ठिकाणी. ‘हे बघितल्यावर तुला तसं का वाटलं?’ हा मधला दुवा कुणी विचारतच नाही, म्हणून लेकराला तो सांगायची सवय नसते.

दुवा म्हणजे काय ते सांगते. आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं आग आहे. धूर हा पुरावा, आग हे मत. पण जिथं धूर असतो तिथं आग असते, आपल्या चुलीत बघ की, हे मधलं वाक्य बोलल्याशिवाय समोरच्याला पटत नाही. पोरं धूर दाखवून थांबतात. पुस्तकातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवतात आणि उत्तर संपलं म्हणतात.

आता घरचीच गोष्ट घे. श्रावणी सोमवारी आई आपल्या हातात तांदळाचे दाणे द्यायची आणि खुलभर दुधाची कहाणी सांगायची, ती. राजाला देवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. घरातलं सगळं दूध देवळात आणा, असा तो हुकूम काढतो. लोक धाकानं आणतात, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरातल्या लेकरांना, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्यानं गाभारा भरतो. पुढं राजा पहारा ठेवतो, म्हातारीला गाठतो, अभय देऊन कारण विचारतो. ती स्पष्ट सांगते, आणि राजा तसं करून बघतो.

कहाणी झाली की दोघांना विचार, राजा चांगला की वाईट? थोरला म्हणेल, वाईट. तू म्हण, कशावरून? तो म्हणेल, त्यानं सगळ्यांचं दूध घेतलं. इथं ‘शाब्बास’ म्हणून उठू नकोस. अजून एक विचार: दूध घेतलं म्हणून वाईट कसा? देवासाठीच घेतलं ना? आता त्याला थांबून शोधावं लागेल. मग तो म्हणेल, देवासाठी घेतलं, पण घरातली लेकरं काय पितील, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. मत, पुरावा आणि दुवा तिन्ही आले बघ, तेही वहीपेन्सिलीशिवाय.

धाकटी बहुतेक उलटं म्हणेल, कारण दादा म्हणतो त्याच्या उलटच तिला म्हणायचं असतं. राजा चांगला! कशावरून? त्यानं म्हातारीला शिक्षा नाही केली. मग? त्यानं तिचं ऐकलं, चूक कळल्यावर वागणं बदललं. वाईट राजानं तिलाच कोठडीत टाकलं असतं. हेही मत उभं राहतं. दोघंही बरोबर. एका गोष्टीची दोन मतं आणि दोन्हींना आधार, हे लेकरांनी एकदा घरात बघितलं की ‘बाईंना काय हवंय’ हा घोर निम्मा कमी होतो.

पण ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून सगळंच चालवून घेऊ नकोस. एखादं लेकरू म्हणतं, म्हातारी गरीब होती म्हणून देव पावला. ऐकायला छान वाटतं. पण कहाणीत कारण दिलंय का ते? दूध का पावलं हे म्हातारी स्वतः सांगते, आणि ती गरिबीचं बोलत नाही, घरच्यांना आधी पाजल्याचं बोलते. म्हणजे हे मत लेकरानं बाहेरून आणलं. त्याला खोटं पाडू नकोस. ‘कुठं आलंय ते, सांग बरं,’ एवढंच म्हण. शोधूनही सापडलं नाही की ते आपलं आपण मत बदलतं. तेच तर शिकवायचंय.

आता बोलण्याच्या सुराचं सांगते. आपल्याकडं ‘कशावरून?’ हा प्रश्न बहुतेक भांडणातच येतो. साखर कुणी सांडली, कशावरून मी? तोच सूर गोष्टीच्या वेळी लागला तर लेकराला वाटतं आपण पकडलो गेलो, आणि ते ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं होतं. म्हणून हळू विचार. ‘कुठं दिसलं तुला ते?’ असं म्हण. धाकटीला चित्रावर बोट ठेवू दे, तोही पुरावाच. थोरल्याला पुस्तकात त्या वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढू दे. आणि तुझं मत सगळ्यांत शेवटी सांग. आईनं आधी सांगितलं की लेकरं तेच म्हणतात. इसापाच्या गोष्टीखालचं तात्पर्यही आधी हातानं झाकून ठेव. लेकरांची मतं झाली की मग उघडून विचार, हे तात्पर्य तुम्हाला पटतं का?

थोरल्यासाठी ‘श्यामची आई’ काढ. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, 1935 मध्ये छापून आलेलं पुस्तक. त्यातला पोहण्याचा प्रसंग वाच. श्याम पोहायला जायला भितो, लपून बसतो, आई त्याला मारते आणि विहिरीवर पाठवते. विचार त्याला, आईनं मारलं ते बरोबर होतं का? आजचं लेकरू सरळ म्हणेल, चूक. इथं आपली जीभ फार वळवळते. ‘आईवर असं बोलायचं नाही,’ असं आपण पटकन म्हणतो. म्हणू नकोस. त्याला आधार शोधू दे. आणि मग उलट बाजूचा आधारही त्यालाच शोधायला लाव: आईला नुसता राग आला होता, की पोराला लोकांनी भित्रा म्हणू नये ही तळमळ होती? दुसरं काही पुस्तकात दिसतं का? आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट पुस्तकात सापडली, ती न लपवता मांडली आणि तरीही आपलं मत का टिकतं ते सांगितलं, की समज लेकरू मोठं झालं.

तिथं तो म्हणेल, ‘तू पण मला पोहायला पाठवताना रागावली होतीस.’ ऐकून घे, हसू नकोस. पण फरक दाखव. पेपरात कधी ‘पाठाच्या आधारे’ विचारतात, कधी ‘तुमच्या अनुभवाच्या आधारे’. आपल्या घरात घडलेलं आपल्याला तो प्रसंग का भिडला ते सांगतं. श्यामची आई कशी होती, ते श्यामच्या पुस्तकातूनच यावं लागतं. या दोन्हींची गल्लत झाली की उत्तर भरकटतं, आणि पोरांना वाटतं, एवढं मनापासून लिहिलं तरी मार्क गेले.

तू म्हणशील, हे कॉलेजातलं काम, शाळेतल्या लेकरांना कुठं झेपतं? अगं, आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतनमध्ये शाळेतच शिकवत होते, पीपल्स कॉलेज पुढचं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे, ती मुळात देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. शिवाजी महाराजांवर सगळ्यांचंच प्रेम, तरी कोणती गोष्ट पुराव्यानं उभी राहते, कोणती नुसती सांगोवांगी, हे त्यात ते सोडवून दाखवतात. प्रेम आहे म्हणून तपासायचं नाही, असं त्यांनी केलं नाही. थोरला दहावीला गेला की ती त्याच्या हातात दे. सगळी कळली नाही तरी चालेल. एका मतासाठी माणूस किती पानं खर्च करतो, ते त्याला दिसू दे.

आता परीक्षेचं, कारण त्याशिवाय तुला झोप लागायची नाही. आधी त्यानं काय लिहिलं असतं? ‘मला म्हातारी आवडली कारण ती खूप चांगली होती व तिने सर्वांना मदत केली.’ यात म्हातारीच्या जागी कुणालाही बसव, वाक्य तसंच राहतं. आता हे बघ: ‘मला म्हातारी धीट वाटते. राजाने सगळे दूध मागितले असतानाही तिने आधी घरातल्या मुलांना व वासरांना पाजले. राजाने विचारल्यावर खरे कारण सांगितले. शिक्षेची भीती असतानाही तिने योग्य वाटले तेच केले, म्हणून मी तिला धीट म्हणतो.’ चारच वाक्यं, पण ती याच म्हातारीबद्दल आहेत. पाठ केलेल्या उत्तरात ही ताकद येत नाही. पाठ बदलला की ते उत्तर निकामी होतं, ही सवय मात्र कोणत्याही पाठाला चालते.

रोज बसायची गरज नाही. जेवणं झाल्यावर दहा मिनिटं, आठवड्यातून एकदोनदा. गोष्टी कमी पडल्या तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. काही गोष्टी मात्र नुसत्या ऐकू दे. प्रत्येक गोष्टीमागं प्रश्न लागले तर लेकरं गोष्टच नको म्हणतील.

आणि एक तयारी तुझी तू कर. थोरल्यानं तुझ्यापेक्षा चांगला आधार दाखवला तर ‘पटलं मला’ असं मोठ्यानं म्हण. त्यांच्या बाबांनाही सांगून ठेव. कारण ही सवय गोष्टीपुरती राहत नाही. चारसहा महिन्यांत तू म्हणशील, मोबाईल ठेव, डोळे बिघडतात, आणि धाकटी हनुवटीला बोट लावून विचारेल, ‘कशावरून गं, आई?’ त्या दिवशी ‘मी सांगते म्हणून’ हे उत्तर चालणार नाही.