नव्यानें बांधलेल्या इंजिनाचा धूर

डोणगांवकडे मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टरचें इंजिन बांधून येतें आणि पहिल्याच दिवशीं धूर टाकतें. तें लगेच पुन्हां खोलविल्यास पैसा व पेरणीचा वाफसा दोन्ही जातात. म्हणून शेतकरीबंधूंनीं प्रथम धुराचा रंग पाहावा.

काळा धूर म्हणजे हवा अपुरी वा डिझेल अधिक. एअर क्लीनर साफ करावा, नंतर नोझल तपासावें.

निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. नव्या रिंगा बसेपर्यंत तो थोडा चालावयाचाच. मात्र इंजिन रिकामें चालवीत न ठेवतां मध्यम भार द्यावा, नाहीं तर लायनर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहींत.

पांढरा धूर थंड इंजिनास स्वाभाविक आहे. तापल्यावरही राहिल्यास पंपाचें टायमिंग पाहावें. रेडिएटरचें पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरून इंजिन तत्काळ बंद करावें.