रानवाटेची सायकल : उगम, रचना व निवड



सायकल ही वस्तु आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. दूध घालणारा गवळी, टपाल वांटणारा शिपाई, शाळेंत येणारा विद्यार्थी व क्वचित् त्याचा शिक्षकही, हे सर्व तिचे ऋणी आहेत. परंतु ही ओळख सडकेवरच्या सायकलीची झाली. जेथें सडक संपते आणि दगड, झाडांचीं मुळें, चिखल व चढउतार यांची वाट सुरू होते, तेथें चालणारी सायकल निराळ्या जातीची असते. हल्लीं दुकानांतून जाड टायरच्या व झगझगीत रंगाच्या सायकली मांडलेल्या दिसतात. मुलें हट्ट धरितात आणि पालक आपल्या मिळकतींतील मोठा भाग खर्चून ती घेऊन देतात. ती खरोखर रानवाटेच्या कामाची आहे कीं केवळ तशी दिसते, हें न पारखल्यास पैसा तर जातोच. पण उतारावर ब्रेक न लागल्यास हातपाय मोडण्याचीही पाळी येते. म्हणून या सायकलीचा उगम, तिची वाट, तिची रचना व तिची निवड यांचा क्रमानें विचार करूं.

उगम

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत मॅरिन नांवाचा डोंगराळ परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली मिळवून त्यांवरून डोंगर उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर शर्यत लाविली. हा उतार सुमारें ४०० मीटर खालीं येणारा होता. त्या सायकलींना पेडल उलटें दाबून लावण्याचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. उतरतांना तो इतका तापे कीं आंतील वंगण धूर होऊन जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. या पुन्हां भरण्यावरूनच त्या उतारास 'रीपॅक' हें नांव पडलें.

जुन्या सायकली हा मारा सोसत नाहींत, असें दिसून आल्यावर जो ब्रीझ यानें १९७७ सालीं याच कामासाठीं मुद्दाम नवी सायकल बांधिली. १९७९ त गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनीं टॉम रिची यानें केलेल्या फ्रेम घेऊन अशा सायकली विकण्याचा उद्योग आरंभिला. १९८१ त स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' ही कारखान्यांत मोठ्या संख्येनें तयार होणारी सायकल बाजारांत आली. १९९० त डुरँगो येथें या खेळाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळालें. मोडीच्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा आहे.

वाट

रानवाट म्हणजे वाटेल तेथून जाणें नव्हे. स्कॉटलंडमध्यें पीबल्स गांवाजवळ ग्लेनट्रेस नांवाचें सरकारी वन आहे. तेथें सायकलीसाठीं बांधलेल्या वाटा असून त्यांना रंगांच्या खुणा आहेत : हिरवी सोपी, निळी मध्यम, तांबडी कठीण, व काळी अतिशय कठीण. २०२३ सालची जागतिक अजिंक्यपदाची रानवाटेवरील शर्यत याच वनांत झाली. पुरुषांत टॉम पिडकॉक व स्त्रियांत पोलीन फेरां-प्रेव्हो विजयी झालीं. अशा वनांत नवशिक्यानें प्रथम हिरवी वाट धरावी व तिजवर पूर्ण ताबा आल्यावरच निळीकडे वळावें, हा रंगांचा हेतु आहे.

या वाटा बांधण्याचें शास्त्रही समजून घेण्यासारखें आहे. वाटेचा खरा शत्रु सायकल नसून पाणी होय. वाट सरळ उताराच्या दिशेनें काढली तर पावसाचें पाणी तिच्यावरूनच वाहूं लागतें व थोड्याच काळांत तिची घळ होते. म्हणून वाट डोंगराच्या कुशींतून आडवी, नागमोडी नेतात. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा एक साधा नियम आहे. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित् खालीं ठेवितात, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातें. ओल्या मातींत सायकल घातली, किंवा ब्रेक दाबून मागचें चाक फरफटत नेलें, तर चर पडतो व त्यांत पाणी सांठतें. एकाच्या क्षणभराच्या मौजेनें पुष्कळांची वाट बिघडते ती अशी.

स्कॉटलंडमध्यें २००३ च्या जमीनविषयक कायद्यानें लोकांना जबाबदारीनें रानांतून पायीं वा सायकलीनें जाण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे तशी स्थिति नाहीं. राखीव जंगलांस १९२७ चा वन अधिनियम व अभयारण्यांस १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू आहे. तेव्हां वनखात्याची परवानगी आहे कीं नाहीं, हें विचारल्यावांचून आपल्या मुलांनीं अशा ठिकाणीं सायकल नेऊं नये.

रचना

आतां थोडें गणित करूं. मुलगा व सायकल मिळून ८० किलो वजन आहे असें धरा. सडकेच्या सायकलीच्या टायरमध्यें दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असेल, तर दोन्ही टायर मिळून सुमारें १६ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीस टेकते. रानवाटेच्या जाड टायरमध्यें हाच दाब २ किलो ठेविला, तर सुमारें ४० चौरस सेंटिमीटर जागा टेकते. टायर दगडावर बसतें, मुळावरून घसरत नाहीं, व त्याचे उंचवटे मातींत रुततात. जाड टायरचें प्रयोजन हें आहे. केवळ भारदस्त दिसणें हें नव्हे.

दुसरी गोष्ट गिअरची. पुढच्या चक्रास ३० व मागच्या चक्रास १० दांते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें. चाकाचा परीघ २.३ मीटर धरल्यास सायकल जवळजवळ ७ मीटर जाते. मागें ५० दांत्यांचें चक्र लाविलें, तर ती १.४ मीटरहून कमीच जाते. पण जेवढें अंतर कमी, तेवढा जोर कमी लागतो. म्हणून खड्या चढावर मोठें मागचें चक्र हवें.

तिसरी गोष्ट ब्रेक. वेग दुप्पट झाला कीं गतिजन्य शक्ति चौपट होते, व थांबण्यास लागणारें अंतरही सुमारें चौपट होतें. रिमवर घासणारा ब्रेक चिखलानें व पाण्यानें दुबळा होतो. हबजवळील तबकडीवर चालणारा डिस्क ब्रेक चिखलापासून दूर राहतो.

निवड

पालकांनीं सर्वप्रथम माप पाहावें. मूल दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभें राहिलें असतां आडव्या दांड्यामध्यें व शरीरामध्यें निदान ५ सेंटिमीटर अंतर राहिलें पाहिजे. "वाढत्या अंगाची आहे, मोठीच घ्या," हा विचार कपड्यांत चालेल, सायकलींत चालत नाहीं. कारण घसरणीवर पाय जमिनीस न पोंचणें हाच अपघात होय.

दुसरें, धक्के सोसणारी स्प्रिंग पुढच्या चिमट्यांत असली म्हणजे शिकणाऱ्यास पुरे. पुढें व मागें दोन्हीकडे स्प्रिंग असलेली सायकल चांगल्या प्रतीची घ्यावयाची तर ती महाग पडते. आणि स्वस्त मिळाली तर ती जड असते, तिचे सांधे लवकर ढिले होतात, व चढावर मुलाचा जोर स्प्रिंग दाबण्यांतच खर्ची पडतो. त्याच पैशांत पुढच्या चिमट्याची, हलकी व चांगल्या ब्रेकची सायकल घेणें शहाणपणाचें. जुनी घेतांना चाक फिरवून तें डुलतें कीं काय, फ्रेमच्या जोडावर तडा आहे कीं काय, व हँडल हालवितां ठकठक होते कीं काय, हें तपासावें.

शेवटचें, पण टाळूं नये असें, म्हणजे हेल्मेट. सायकलस्वारांच्या हेल्मेटसाठीं युरोपांत ई. एन. १०७८ हें प्रमाण ठरलेलें आहे; आंत तशी खूण असल्यास पाहावी. एकदां जोराचा आघात झालेलें हेल्मेट, वरून धड दिसलें तरी, पुन्हां वापरूं नये. पैसे कमी पडत असतील तर सायकल एक पायरी हलक्या प्रतीची घ्यावी, पण हेल्मेट सोडूं नये.

चालवितांना उतारावर बैठकीवरून किंचित् उठावें, दोन्ही पेडलें समपातळींत ठेवावीं, कोंपर व गुडघे वांकवावे, आणि नजर चाकापुढच्या दगडावर नव्हे तर पुढील वाटेवर ठेवावी. ब्रेक वळणापूर्वीं लावावा, वळणांत नव्हे. व दोन्ही ब्रेक हलकेच, एकदम. पायीं चालणाऱ्यास व चढ चढून येणाऱ्यास वाट द्यावी. ज्याला हें साधलें, त्याची साधी सायकलही त्याला रानांतून सुखरूप घरीं आणील.