मोबाइलवर संगणक : ‘आकाश’चा धडा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक नाही. मोबाइल मात्र आहे. प्रकल्पाचा अहवाल रात्री जागून मोबाइलवर लिहावा, सकाळी छापून घेण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात न्यावा आणि तेथील संगणकावर सारे तक्ते विस्कटलेले पाहावेत, हा अनुभव मला गेल्या वर्षी आला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत आहे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी मूळ प्रणाली, मोबाइलवरच चालवता आली तर?

असा एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला आहे. केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट काढला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे उद्घाटन ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत झाले. सरकारला एक नग २२६३ रुपयांना पडत होता. पडदा सात इंचांचा, मेमरी ५१२ एमबी आणि प्रणाली अँड्रॉइड. हे काम मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली चालले होते. तेथील मंडळींनी संगणकावरची लिनक्स प्रणाली एका छोट्या मेमरी कार्डावर बसवली. त्या कार्डावरून हाच आकाश लिनक्सवर सुरू करता येई. ज्या यंत्रावर एरवी धडे पाहायचे, त्याच यंत्रावर मग संगणकासारखे प्रोग्रॅम लिहिता येत. माझ्या मते या साऱ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. चर्चा मात्र किमतीचीच अधिक झाली.

लिनक्सच का? मोबाइलचा प्रोसेसर बहुधा ‘आर्म’ जातीचा असतो, तर संगणकाचा इंटेलच्या जातीचा. दोघांची आज्ञांची भाषा वेगळी. मालवणी गड्याला कानडीत काम सांगितले, तर तो जागचा हलणार नाही. तसेच हे आहे. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळे तो दुसऱ्या भाषेत पुन्हा घडवता येतो. विंडोजच्या जुन्या प्रोग्रॅमांचे तसे नाही. म्हणूनच २०१२ साली आर्म यंत्रांसाठी आलेल्या ‘विंडोज आरटी’वर ते चालत नसत आणि ती प्रणाली मागे पडली.

पुढे इतरांनीही हात चालवून पाहिले. ‘उबुंटू एज’ या फोनसाठी २०१३ साली लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले गेले. जमले सुमारे १ कोटी २८ लाख, आणि फोन निघालाच नाही. सॅमसंगने २०१७ पासून फोन मोठ्या पडद्याला जोडण्याची ‘डेक्स’ ही सोय दिली. २०२५ साली गुगलने आपल्या पिक्सेल फोनांत लिनक्स चालवण्याची सोय आणली. अँड्रॉइडचा गाभाही मुळात लिनक्सचाच, त्यामुळे हे घर काही परके नाही.

तेव्हा प्रणाली चालेल की नाही, हा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. अडते ते पडद्यापाशी. सहा इंचांच्या काचेवर बोटाने तक्ता आखणे म्हणजे शिक्षाच. कित्येकांच्या घरी टीव्ही आहे, त्याला फोन जोडावा म्हटले, तर स्वस्त फोनांच्या चार्जिंगच्या छिद्रातून बहुधा चित्र बाहेर पडतच नाही. ती सोय महागड्या फोनांत असते. म्हणजे ज्याच्याकडे संगणक आहे, त्याच्याच फोनाचा संगणक होतो! फोन घेताना हे आपण विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही.

कळफलक मात्र साध्या फोनालाही जोडता येतो. हा लेख मी तसाच लिहिला आहे. छापण्यासाठी तो पुन्हा त्याच दुकानात न्यावा लागणार आहे.