माईआत्याचा संगणक

सांगली, कोजागरी पौर्णिमा

चि. सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा शैला येऊन गेली आणि निघता निघता, सहज आठवल्यासारखे करून, तुझ्याविषयी एक गोष्ट सांगून गेली. ती ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. तुमच्या कंपनीत आभासी जग रचण्याचे जे काम चालले आहे, त्याच्या बैठकीत कोणी जुन्या संगणकवाल्यांचा प्रश्न काढला, तेव्हा 'सात वर्षांपूर्वीचे यंत्र वापरणारी ती आपली गिऱ्हाइकेच नव्हेत' असे तू म्हणालास म्हणे. शैलाला तिखटमीठ लावण्याची सवय आहे हे आपण दोघेही जाणतो. तथापि वाक्याची ठेवण तुझीच वाटली, म्हणून विचारतो : हे तू बोललास काय?

उत्तर देण्यापूर्वी मधल्या खोलीचे स्मरण कर. कमरेखालून अधू झाल्यापासून, गेल्या नऊ वर्षांत माई त्या खोलीबाहेर कितीदा पडली हे मी बोटांवर मोजून दाखवीन. पण रात्री जेवणे आटोपली की ती 'सेकंड लाइफ' नावाच्या आभासी जगात जाते, तिथे तिची एक बाग आहे, दोन मैत्रिणी आहेत, आणि तिथे ती चालते. यंत्राला भार सोसत नाही म्हणून दृष्टीचा पल्ला तिने 64 मीटरांवर आणून ठेवला आहे. मुलूख 256 मीटरांचा, तेव्हा पलीकडची कड पाहायची तर तिथवर चालत जावे लागते, आणि त्याचीच तिला मौज वाटते. फार नटूनथटून आलेली माणसे तिच्या यंत्राला झेपत नाहीत, ती एकरंगी बाहुल्यांसारखी दिसतात. "अगं, मग ओळखतेस कशी?" असे मी विचारले, तर म्हणाली, "बोलण्यावरून. फोनवर ओळखतो तशी."

आता तूच एका सुट्टीत शिकवलेले गणित तुला परत करतो. 1024 बाय 1024 बिंदूंचे एक चित्र स्मृतीत उलगडले की चार मेगाबाइट जागा अडवते. बाजू निम्मी केली तर एकच. असे असता अंगरख्याच्या गुंडीला चार मेगाबाइटांचे चित्र डकवणाऱ्या कारागिराला काय म्हणावे? 1986 साली लुकासफिल्ममध्ये मॉर्निंगस्टार आणि फार्मर या दोघांनी 'हॅबिटॅट' नावाचे जग चालू केले, ते कमोडोर 64 वर, म्हणजे अवघ्या 64 किलोबाइटांत, टेलिफोनच्या तारेवरून चालत असे. त्या एका गुंडीत तसल्या 64 यंत्रांची स्मृती मावेल. आणि त्याच दोघांनी पुढे अनुभवांती लिहिले की, असले जग माणसांच्या परस्परव्यवहाराने बनते, सरंजामाने नव्हे.

तू म्हणशील, जड काम दूरच्या यंत्राने करावे, जुन्या यंत्रांकडे नुसते चित्र धाडावे. तोही प्रयोग झाला. ऑनलाइव्ह नावाच्या कंपनीने 2014 साली 'सेकंड लाइफ'साठी तशी सेवा काढली, 2015 च्या एप्रिलअखेरीस ती बंद झाली, आणि तिच्यावर भिस्त ठेवणारे पुन्हा दाराबाहेर. शिवाय पावसाळ्यात आपल्या लाइनीची काय गत होते ते तुला ठाऊक आहे. तेव्हा गुंडीच लहान करा. ते वाक्य तू खरेच बोललास काय?

मला हे विचारण्याचा अधिकार नाही, हेही कबूल करतो. कचेरीत नवा कारकून असताना अर्जाचा छापील नमुना बदलल्याचा हुकूम आला होता, आणि त्याच आठवड्यात एक म्हातारा जुन्या नमुन्यावर वारसाचा अर्ज लिहवून, अंगठा उठवून, पाच कोस पायी चालत माझ्या खिडकीशी आला. मजकूर तोच, रकाने तेवढे हलले होते. पाच मिनिटांत मी उतरवून घेऊ शकलो असतो. "नमुना रद्द आहे," एवढेच बोलून मी कागद परत सरकवला. त्याने हुज्जत घातली नाही; घडी घालून कागद टोपीत ठेवला आणि गेला, तो फिरून आला नाही. साहेबांनी माझ्या चोख कामाची तारीफ केली, आणि सुहास, त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. गावाचे नाव अर्जावर होते. मी ते वाचलेसुद्धा नाही.

फार लिहिले. तू बोलला नसशीलच. आणि बोलला असलास तरी मुदतीच्या धाकाने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या तोंडून एखादे वाक्य निसटते. जेवतोस ना वेळेवर? शैला म्हणाली, वाळला आहेस. तेही तिचे तिखटमीठच असो.

माईला यातले काही सांगितलेले नाही. काल तिचा संगणक तापून गुरगुरू लागला म्हणून उघडला आणि माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशाने पंखा झाडला. अमेरिकेस निघताना तू स्वतःचा तो तिला देऊन गेलास, तेव्हा बाजूला चिकटवलेली तुझ्या अक्षरातली पट्टी अजून आहे : 'आत्या, अडकला तर घाबरू नकोस, मला हाक मार.' एक कोपरा सुटला होता. डिंक लावून बसवला आहे.

तुझा,
काका