पूर्वग्रह मोजता येतो काय?

साध्या दोलकाचा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. गोळ्याच्या वस्तुमानाचा दोलनकालावर परिणाम होतो की नाही, हे पाहायचे असेल तर आपण दोऱ्याची लांबी तीच ठेवतो आणि फक्त गोळा बदलतो. आधी लाकडी, मग पितळी. दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. हीच रीत मतदाराच्या मनातला पूर्वग्रह मोजायला वापरता येईल काय? ती वापरली गेली आहे, आणि तीही आपल्याच देशात.

पुढाऱ्याची निवड त्याचे काम पाहून करावी, असे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात तो बाई आहे की पुरुष, कोणत्या जातीधर्माचा, दिसतो कसा, हेही मतदाराच्या मनात घोळत असते. किती घोळते? सरळ विचारून पाहावे, हा सर्वांत सोपा मार्ग. अमेरिकेतील गॅलप संस्थेने 1937 साली लोकांना विचारले, की इतर सर्व बाबतींत पात्र असलेल्या स्त्रीला तुम्ही राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल काय? 33 टक्के लोक ‘होय’ म्हणाले. (‘इतर सर्व बाबतींत’ हे शब्द पाहा. जणू स्त्री असणे हीच एक अपात्रता! प्रश्नातच पूर्वग्रह होता.) 2019 साली अशाच प्रश्नाला ‘होय’ म्हणणारे 94 टक्के होते.

मते बदलली, यात शंका नाही. पण सगळा फरक मनातलाच आहे, असे धरता येत नाही. चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापक बुडवला, तर तापमापकच पाण्याची थोडी उष्णता घेतो आणि वाचन कमी येते. प्रश्नाचेही तसेच असते. समोरचा माणूस विचारतो आहे म्हटल्यावर आपण चारचौघांत शोभेल असे उत्तर देतो. म्हणून प्रश्न न विचारता मोजण्याची युक्ती हवी.

ती पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात वापरली गेली. 73 व्या घटनादुरुस्तीने (1992) पंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एकतृतीयांश पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. आपल्याकडच्या सरपंचाला तिथे प्रधान म्हणतात. कोणत्या पंचायती राखीव व्हायच्या, हे तिथे क्रमांकांच्या यादीवरून, चिठ्ठी काढावी तसे ठरत असे. या गोष्टीचे महत्त्व लक्षात घ्या. स्त्रियांना मान देणाऱ्या गावांनीच स्त्रीला निवडले असते, तर गाव आधीपासून वेगळे होते की स्त्री प्रधान आल्यामुळे बदलले, हे कळलेच नसते. दोऱ्याची लांबी आणि गोळा एकदम बदलण्यातला हा प्रकार!

एस्तेर द्युफ्लो (यांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले), राघवेंद्र चट्टोपाध्याय, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एका प्रधानाचे ध्वनिमुद्रित भाषण ऐकवले. शब्द तेच, मजकूर तोच. कुणाला ते पुरुषाच्या आवाजात ऐकवले, कुणाला स्त्रीच्या. कुणाला कोणता आवाज, हेही नशिबावर सोडलेले. मग हा प्रधान कितपत कर्तबगार वाटतो, याला गुण द्यायला सांगितले. बाईविषयी काय वाटते, असे विचारायची गरजच उरली नाही.

निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. जिथे प्रधानपद कधीच राखीव नव्हते, तिथल्या पुरुषांनी तेच भाषण स्त्रीच्या आवाजात ऐकले की गुण कमी दिले. जिथे राखीव जागेमुळे स्त्रीने कारभार केला होता, तिथे हा फरक नाहीसा झाला होता. स्त्री पुढारी आवडते काय, या उत्तरात मात्र फारसा बदल नव्हता. आवड तशीच राहिली, पण कर्तबगारीचा अंदाज सुधारला. आणि जिथे प्रधानपद लागोपाठ दोनदा राखीव होते, तिथे पुढे स्त्रिया अधिक संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या.

पूर्वग्रहाची किंमत कोण भरतो, हे द्युफ्लो आणि पेतिया टोपालोव्हा यांच्या 2004 सालच्या पाहणीत दिसते. भारतातील अनेक राज्यांतील गावांची ती पाहणी होती. स्त्री प्रमुख असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक होत्या, त्यांची स्थितीही निदान तितकीच चांगली होती. तरी तिथले गावकरी पाण्याबाबत कमी समाधानी होते! नळाला पाणी येत होते, पण ते देणारीच्या नावावर जमा होत नव्हते.

तुम्हीही वर्गात हा प्रयोग करू शकाल. दहा ओळींचे भाषण लिहा. विषय सहलीचा वा वाचनालयाचा असू द्या. दुसऱ्या शाळेतील तीन मुले आणि तीन मुली यांच्याकडून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. एकाच मुलीचा आवाज घेतला तर तो मुळातच गोड वा कर्कश असायचा. कुणी कोणता आवाज ऐकायचा, हे नाणे उडवून ठरवा. प्रत्येकाला एकेकटे ऐकवा, हेतू सांगू नका आणि दहापैकी गुण चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन्ही गटांत निदान वीस श्रोते असावेत.

सरासरींत फरक आला म्हणून लगेच निकाल देऊ नका. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून हलवा, न पाहता पूर्वीइतक्याच आकाराचे दोन ढीग करा आणि त्यांच्या सरासरींतला फरक काढा. असे शंभर वेळा करा (वर्गाने वाटून घेतले तर एका तासात होते). नुसत्या चिठ्ठ्या मिसळूनच तुमच्याइतका फरक वीस-तीस वेळा पडत असेल, तर तुमचा फरक योगायोगाचाही असू शकेल. शंभरात एकदोनदाच पडत असेल, तर आवाजाकडे बोट दाखवता येईल.