पाच तारे आणि पिवळी बोटं

शेतीचे व्हिडिओ दाखवणाऱ्या एका संकेतस्थळाचा चेहरामोहरा बदलायचं ठरलं आणि हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे अभिप्राय गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. शहरातून एक प्रश्नावली आली होती. नवी रचना आवडली का, रंग कसे वाटले, पाचपैकी किती तारे द्याल? हा कागद घेऊन कुणाच्याही ओसरीवर बसा, उत्तर काय येणार ते आधीच कळतं. माणूस लांबून आलाय, चहापाणी झालंय, आता त्याच्या तोंडावर नावं कोण ठेवणार? "मस्त झालंय की सर." घ्या पाच तारे.

हे आपल्याकडच्या भिडेपोटीच होतं असंही नाही. यूट्यूबवर पूर्वी ताऱ्यांचीच पद्धत होती. बहुतेक लोक एक तर पाच तारे देतात, नाही तर तिकडे फिरकतच नाहीत, हे २००९ मध्ये त्यांनीच जाहीर केलं आणि २०१० मध्ये तारे जाऊन अंगठे आले. तरी आमच्या प्रश्नावलीत तारे होतेच.

वसमतकडे एका शेतात गेलो तेव्हा हळदीचा हंगाम ऐन भरात होता. एकीकडे बॉयलर पेटलेला, दुसरीकडे शिजलेली हळद उन्हात पसरलेली. प्रश्नावली पिशवीतच राहू दिली आणि म्हणालो, "काका, हळद किती वेळ शिजवायची तो व्हिडिओ जरा काढून दाखवा की."

काकांची बोटं पिवळी आणि ओली. काचेवर टेकवली तरी फोन दाद देईना. उपरण्याला हात पुसून पुन्हा सुरुवात. पान उघडलं, पण पांढऱ्या पानावरच्या, यादी उघडणाऱ्या फिकट करड्या तीन रेघा उन्हात दिसेनात, म्हणून फोन छातीशी धरून अंगाची सावली केली. फोन घरात एकच, त्यावर खातं पोराचं. त्यामुळे समोर येत होते पोरानं पाहिलेले ट्रॅक्टरच्या शर्यतींचे व्हिडिओ. आधीच्या पानावर वर माइक होता, तो दाबून काका सरळ बोलायचे. नव्या पानात तो शोधाच्या भिंगामागे गेला होता. यादीत हळद गेली होती 'मसाला पिके' या घरात. वसमतच्या शेतकऱ्याला हळद म्हणजे वर्षाचं नगदी पीक, तो तिला मसाल्यात कशाला शोधेल? शेवटी काकांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, गटात कुणीतरी मागच्या वर्षी टाकलेली लिंक बरोबर काढली आणि दाबली. उत्तर आलं : हे पान उपलब्ध नाही.

"तुमचं चांगलंच हाय सर," काका म्हणाले, "माझंच डोकं चालंना."

हे वाक्य प्रश्नावलीत पाच तारे म्हणून गेलं असतं. म्हणून अभिप्राय घ्यायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मत विचारूच नका, काम द्या. काम त्यांच्या त्या दिवसाच्या गरजेचं असावं, म्हणजे फेब्रुवारीत हळद शिजवण्याचं, पेरणीच्या तोंडावर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं. फोन त्यांचाच हवा, तुमचा चकाचक नको. आणि मदतीला बोट पुढे करू नका. हे फार जड जातं, मी अक्षरशः हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. बोट आधी कुठं गेलं, कुठं थबकलं, माणूस कुठून माघारी फिरला, एवढं टिपा. त्यासाठी शंभर माणसं लागत नाहीत. पाच-सहा जणांनंतर त्याच ठेचा पुन्हा दिसू लागतात. मात्र त्यात एखादी बाई, एखादा चष्मेवाला आणि फोन मुलाकडून मागून घेणारा एकजण असू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते मेलेल्या लिंकांनी. आपल्याकडे मुख्य पान उघडून, यादी चाळून व्हिडिओपर्यंत कोण येतं? लोक गटातल्या लिंकेवरून येतात. पानांचे पत्ते बदलायचेच असतील तर जुना पत्ता दाबणाऱ्याला नव्या पानावर नेऊन सोडायची सोय आधी करा, रंगांचं नंतर बघू. तंत्रज्ञांना हे काम नवं नाही, फक्त ते कुणाच्या तरी यादीत असावं लागतं.

आता दुसरी बाजू. बदल झाला की ओरड होतेच. यूट्यूबनं २०११, २०१७ आणि २०२२ मध्ये रूप पालटलं, दर वेळी लोक चिडले आणि मग सरावले. म्हणून प्रत्येक कुरकुर डोक्यावर घ्यायची नसते. पण २०२२ च्या अखेरीस चॅनेलच्या पानावरून सर्वात जुने व्हिडिओ आधी दाखवायची सोय गेली, तेव्हाची तक्रार वेगळी होती. मालिका पहिल्या भागापासून बघणाऱ्याचं कामच अडलं होतं. २०२३ मध्ये ती सोय परत आली. सवय मोडली म्हणून माणूस बोलतोय की काम अडलं म्हणून, हे त्याच्याजवळ दहा मिनिटं बसलं की कळतं.

स्वतः व्हिडिओ टाकणाऱ्यांनीही वाट दाखवायची सगळी भिस्त साइटवर ठेवू नये. यूट्यूबवर व्हिडिओच्या अंगावर दाबायच्या चौकटी लावता यायच्या. मोबाइलवर त्या चालत नव्हत्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या सगळ्या पुसल्या गेल्या. ज्यांनी 'पुढचा भाग इथे' असं त्यांवरच सोडलं होतं, त्यांचे जुने व्हिडिओ वाटेवरच राहिले. म्हणून भागाचा क्रमांक आणि पिकाचं नाव शीर्षकात लिहा, तोंडानंही सांगा.

आणि बघणाऱ्यांनो, 'बेकार केलं, जुनंच बरं होतं' असं पाठवून काही हलत नाही. काय शोधत होतो, कुठं दाबलं, काय आलं आणि फोन कोणता, एवढ्या चार ओळी लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. सोबत स्क्रीनशॉट जोडा, पण त्याआधी त्याची वरची पट्टी कापा, कारण बँकेचा मेसेज नेमका तेव्हाच येतो.