आवाज कुठे अडला?

शाळेच्या टॅबवर एखादी चित्रफीत चालेनाशी झाली की तुम्ही काय ओरडता ते मला आता पाठ झाले आहे. "सर, टॅब बिघडलो!" पण नेमके काय बिघडले, हे कोणी पाहिले का? सहावीच्या वर्गात घडलेला एक प्रकार सांगतो. नीट वाचा, कारण त्यात एक मोठी चूक होता होता राहिली.

सहावीतल्या एका मुलीची आजी जात्यावरच्या ओव्या फार छान म्हणत असे. दिवाळीत मुलीच्या मामांनी त्या मोबाईलवर टिपून ठेवल्या. साडेतीन मिनिटांचीच चित्रफीत. पुढे माघात आजी वारली. वर्गात लोकगीतांचा पाठ चालू झाला, तेव्हा मुलीने ती चित्रफीत मेमरी कार्डावर घालून आणली. कार्ड टॅबमध्ये घातले, प्लेअर उघडला, नावावर बोट ठेवले. पडदा काळा झाला आणि अक्षरे आली : फाईल चालवता येत नाही.

मग काय! एक म्हणतो, ॲप काढून परत घालूया. दुसरा म्हणतो, टॅबच कोरा करूया. मुलीचे डोळे भरून आले. "सर, आजयेचो आवाज गेलो काय ओ?"

मी म्हटलं, थांबा. कोणी काही पुसायचं नाही.

घरची बॅटरी पेटली नाही तर आपण काय करतो? आधी सेल बदलून बघतो, मग बल्ब, मग बटण. एका वेळी एकच वस्तू. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि बॅटरी पेटली, तर दोष कशात होता ते कळतच नाही. इथेही आम्ही तसेच केले.

प्रथम प्लेअर तोच ठेवला आणि फाईल बदलली. पाचवीची कविता लावली. आवाज खणखणीत! म्हणजे टॅबचा स्पीकर ठीक, प्लेअरही जिवंत.

मग फाईल तीच ठेवून प्लेअर बदलला. असे का? चित्रफितीतली चित्रे आणि आवाज खूप दाबून, आवळून ठेवलेले असतात. ते आवळण्याच्या आणि पुन्हा सोडवण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एखाद्या प्लेअरला एखादी रीत येत नसते. अशा वेळी व्हीएलसी नावाचा प्लेअर उपयोगी पडतो, कारण बहुतेक कोडेक तो आपल्या पोटातच बाळगतो. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो निघाला, आणि २००१ पासून त्याची घडण सर्वांना खुली आहे. त्याचे चिन्ह म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू. आपल्या महामार्गाच्या कामावर तुम्ही ते ढीगभर पाहिले आहेत. पण त्यानेही हात टेकले.

आता राहिली खुद्द फाईल. मधल्या सुट्टीत मुलीच्या आईला फोन केला, तिने कुडाळला भावाला केला. मामांच्या मोबाईलवर मूळ चित्रफीत छान चालत होती. मामा म्हणाले, "बरा झाला इचारलंस. मोबाईल भरलो म्हणान रातीक सगळा पुसणार होतंय."

फाईलचा तपशील उघडून तिचे माप वाचायला त्यांना सांगितले. मूळ फाईल ३१० एमबीची. आमच्या कार्डावरची? १४२. कॉपी पुरी होण्याआधीच कुणीतरी कार्ड ओढून काढले होते!

मग निदान अर्धी ओवी तरी ऐकू यायला हवी होती, असे तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. पण एमपी४ जातीच्या फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणते चित्र आणि कोणता आवाज कुठे ठेवला आहे, ते तीत लिहिलेले असते. पुस्तकात ती पहिल्या पानावर असते. मोबाईल मात्र चित्रण संपल्यावर बहुधा शेवटी लिहितो, कारण चित्रण किती लांबेल हे त्याला आधी ठाऊक नसते. आमच्या फाईलचा शेवटच तुटला होता. आत चित्रे होती, आवाजही होता, पण प्लेअरला त्यांचा पत्ता सापडेना. चित्रण चालू असताना मोबाईलचे चार्जिंग संपले तरी असेच होते.

टॅब कोरा केला असता तर फाईल सुधारली नसतीच, वर तुम्ही उतरवून ठेवलेले धडे गेले असते.

कधी प्लेअरच अडून बसतो, हेही खरे. तेव्हा ॲप पूर्ण बंद करून उघडा, नाही जमले तर टॅब बंद-चालू करा. यादीच रिकामी दिसली, तर फाईली पाहण्याची परवानगी ॲपला दिली आहे का ते बघा. सेटिंगमध्ये 'कॅशे पुसा' असते. तो तात्पुरता साठा, गेला तरी बिघडत नाही. त्याच्या शेजारच्या 'डेटा पुसा'ला मात्र मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बरं का.

शनिवारी मामा मालवणला जाताना कसालच्या तिठ्यावर उतरले. फाईल पुन्हा कार्डावर घेतली. माप जुळवले, ३१० ला ३१०. सेटिंगमधून कार्ड सोडवले आणि मगच बाहेर काढले. एक प्रत मुलीच्या घरी राहिली, एक माझ्या पेन ड्राईव्हवर.

सोमवारी वर्गात लावली. आजी जात्यापाशी बसलेली, खुंटा हातात. ती मोबाईलकडे बघते आणि विचारते, "सुरू झाला काय ता?" सगळा वर्ग हसला, ती मुलगीही हसली. मग जाते फिरू लागले.